जाहीर आवाहन : जीववैद्यकातील संशोधक नीट घडावेत म्हणून

जीववैद्यकीय शास्त्रांतील पीएचडी वर्गात बसून मिळत नाही. एम.एस्सी. झालेली विद्यार्थिनी नेटसारखी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन संस्थेत येते, काही महिने कोर्सवर्क करते आणि मग पुढची पाच-सहा वर्षे गाइडच्या लॅबमध्ये एकाच प्रश्नाच्या मागे असते. त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला दोन-चार वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे कराराचे संशोधन, येते, देशात किंवा परदेशात. महाराष्ट्रात हे शिक्षण पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) आणि आयसरमध्ये, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आणि विद्यापीठांच्या विभागांत चालते. २०२० साली करोनाचा विषाणू वेगळा करून लशीसाठी देण्याचे काम एनआयव्हीत झाले. अशी कामे तडीस नेणारी माणसे एका वर्षात तयार होत नाहीत, आणि ती कशी तयार होतात याकडे समाजाचे लक्ष फारसे नसते. हे आवाहन त्यासाठीच आहे.

मूळ अडचण एकच आहे. संशोधक विद्यार्थी कागदावर शिकणारा असतो, पण व्यवहारात त्याच्याकडे प्रकल्प पुढे नेणारे स्वस्त मनुष्यबळ म्हणून पाहिले जाते. बाकीचे बरेच प्रश्न यातूनच उगवतात.

पैशाचा प्रश्न त्यांपैकी सर्वांत उघड. जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिपची (जेआरएफ) रक्कम दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली आणि वरिष्ठ फेलोशिपची (एसआरएफ) ३५,००० वरून ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. त्याआधीची वाढ २०१९मध्ये झाली होती आणि तिच्या आधीची २०१४मध्ये. प्रत्येक वाढीपूर्वी देशभरातल्या विद्यार्थ्यांना निवेदने देत, मोर्चे काढत फिरावे लागले. मंजूर रक्कमही वेळेवर हाती पडेल याची खात्री नसते. उपयोगिता प्रमाणपत्र, पुढच्या वर्षाची मंजुरी, खाते पडताळणी यांपैकी एक कागद अडला की तीन-चार महिने खात्यात काहीच येत नाही, आणि पुण्या-मुंबईतले घरभाडे थांबत नाही. शिवाय फेलोशिप पाच वर्षांची असते, तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत सहा वर्षांपर्यंत. थिसिस लिहिण्याचे शेवटचे वर्ष, म्हणजे सर्वांत एकाग्रतेचे काम, अनेकांना घरच्यांच्या पैशावर काढावे लागते. संस्थांनी स्वतःच्या निधीतून विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला द्यावे आणि अनुदान आल्यावर वळते करून घ्यावे. महागाई भत्ता जसा ठरावीक काळाने सुधारला जातो, तशीच फेलोशिपही सुधारली जावी, ही मागणी खासदारांपुढे मांडण्याचे काम विद्यार्थ्यांच्या आधी नागरिकांनी करावे.

पण केवळ रक्कम वाढवून संशोधक घडत नाही. लॅबमध्ये हाताला काय वळण लागते, यावर पुढचे सारे ठरते. मायकोप्लाझ्माचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हा पेशीभित्तिका नसलेला अतिसूक्ष्म जिवाणू आहे. सेल कल्चरच्या फ्लास्कमध्ये तो शिरला तर माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पेशी वरवर ठणठणीत दिसतात. त्यांची वाढ, त्यांची जनुके, औषधाला त्या देत असलेला प्रतिसाद मात्र बदललेला असतो. अशा पेशींवर दोन वर्षे केलेले प्रयोग एका पीसीआर चाचणीने रद्दबातल ठरू शकतात. तसेच ओळखीच्या गोंधळाचे. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये मिळवलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात, की जगभरच्या अनेक लॅबमध्ये त्यांनी दुसऱ्या पेशींची जागा कधी बळकावली हे कुणाला कळलेच नाही. यकृताच्या किंवा स्वरयंत्राच्या म्हणून वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात हेला निघाल्या. पेशींची ओळख डीएनएच्या एसटीआर तपासणीने पटवता येते. देशभरच्या लॅबना पेशी पुरवणारे भांडार एनसीसीएसमध्येच आहे, त्यामुळे खात्रीच्या पेशी मिळवणे महाराष्ट्रात तरी अवघड नाही. तरीही ‘सिनियरने दिल्या, त्याच वाढवल्या’ ही रीत अनेक ठिकाणी चालू आहे. नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्याच महिन्यात ही तपासणी त्याच्या हातून करून घेतली पाहिजे.

२०१२ साली अ‍ॅमजेन या औषधकंपनीतल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले शोध पुन्हा करून पाहिल्याचे लिहिले. निष्कर्ष जुळले फक्त ६ शोधांचे. २०१६मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रे डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र दोनदा वापरल्यासारखे गंभीर दोष सापडले. यांतले बरेच दोष नमुना किती घ्यावा, कंट्रोल कोणता ठेवावा, वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनांच्या चाचणीची मूळ फाइल कशी जपावी हे कुणी न शिकवल्याचे आहेत. काही मात्र घाईचे आणि दबावाचे. संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम भारतात आता सक्तीचा आहे. तो स्लाइड दाखवून उरकू नये. प्रत्येक लॅबमध्ये महिन्यातून एकदा कुणाची तरी नोंदवही आणि कच्चा डेटा सर्वांसमोर उघडला जावा, गाइडचाही. फसलेला प्रयोग तिथे न घाबरता सांगता आला, तर नीतीचे निम्मे शिक्षण तिथेच होते.

गाइडला मार्गदर्शन कसे करावे हे कुणीच शिकवत नाही. चांगले संशोधन करणारा चांगला शिक्षक असेलच असे गृहीत धरले जाते. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात आणि सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला प्रगती मांडायची असते. ही बैठक सहीपुरती उरली, तर विद्यार्थ्याला गाइडखेरीज दुसरा आधार राहत नाही. समितीतील सदस्यांनी वर्षातून एकदा तरी गाइडच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्याशी बोलावे.

असा आधार विद्यार्थिनींना अधिकच लागतो. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला आणि नंतर वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर घेतले. १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे मुंबईत नीरेवर आणि कडधान्यांवर काम केले. आज नियमात २४० दिवसांची प्रसूती रजा आहे, मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. पण रात्री अकराला प्रयोग संपवून निघणाऱ्या मुलीसाठी संस्थेची गाडी आणि लहान मुलासाठी पाळणाघर नसेल, तर या सवलती अपुऱ्या पडतात. घरच्यांनीही ‘अजून शिकतेच आहेस का?’ हा प्रश्न थांबवावा. ती काम करते आहे.

पोस्टडॉक करणाऱ्याची स्थिती पीएचडीच्या विद्यार्थ्याहूनही अधांतरी आहे. तो विद्यार्थी नसतो आणि नोकरदारही नसतो. करार वर्षा-दोन वर्षांचा आणि पुढे जागा थोड्या. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) समितीने २०२३मध्ये पोस्टडॉकसाठी किमान ७०,००० डॉलर वार्षिक वेतन आणि पाच वर्षांची कमाल मर्यादा सुचवली, कारण तिथे माणसे पोस्टडॉक करायलाच तयार होईनाशी झाली होती. भारताने ती वेळ येण्याची वाट पाहू नये. पुणे, मुंबई, हैदराबादच्या लस आणि औषध कंपन्यांनी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तीन महिन्यांसाठी आत घ्यावे. गाइडने ती रजा प्रकल्पाचे नुकसान मानू नये. रुग्णालयांनी एमडीच्या विद्यार्थ्यांना लॅबकडे आणि लॅबच्या विद्यार्थ्यांना वॉर्डाकडे पाठवावे. प्राध्यापक होणे हे एकच यश, हा समज त्यानेच सैल होईल.

शेवटची विनंती माहितीची आहे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी एकत्र येऊन आपल्या विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षे लागली, किती जणांनी मध्येच सोडली आणि बाकीचे पुढे कुठे गेले, हे जाहीर करायला सुरुवात केली. प्रवेश घेणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना यापेक्षा उपयोगी दुसरे काही नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेने आणि विद्यापीठ विभागाने गेल्या दहा वर्षांचे हे आकडे, विद्यावेतन किती दिवस उशिरा मिळाले याच्या नोंदीसह, संकेतस्थळावर टाकावेत. माजी विद्यार्थ्यांनी आपली सध्याची नोकरी संस्थेला कळवून या कामी मदत करावी. जिथे आकडे मिळत नाहीत, तिथे माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कोणत्याही नागरिकाला साध्या अर्जावर ते मागता येतात. पालकांनी आणि पत्रकारांनी ते मागावेत.