एक्सप्लेनर : अडथळ्यांच्या शर्यतीसाठी पातळ तळाचे बूट घ्यावेत का?

अविनाश साबळे हा बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा. 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असलेल्या 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्याला पाहून तुम्हीही ‘मिनिमलिस्ट’, म्हणजे पातळ तळाचे हलके बूट शोधत असाल, तर जरा थांबा.

फायदा काय?
पायाला जमीन कळते, उडीनंतर तोल सावरायला सोपे जाते.

धोका कुठे?
नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच पंजापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. इथे ती जवळपास पंजाच्या पातळीवर येते आणि पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी रोज पळणाऱ्याने अचानक बूट बदलले, तर ऐन भरतीत पाय दुखावू शकतो.

घेताना काय पाहाल?
पाणी लवकर निथळते का, चिखलात पकड राहते का, बोटे मोकळी राहतात का. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटेच, मऊ मातीवर पळा. दुखले तर थांबा.

आमचे मत स्पष्ट आहे : आधी पाय तयार करा, मग बूट बदला. पाय तयार करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.