'शॉर्टसर्किट'च्या नावाखाली सैल स्क्रू

रत्नागिरी - आग विझते, पंचनामा होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे वाक्य हमखास येते. आम्ही वार्ताहरही ते फारसा विचार न करता लिहितो. या एका शब्दाखाली सैल जोडणी हा अगदी वेगळा बिघाडही झाकला जातो. किनारपट्टीवरील जिल्ह्याला हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह एकदम वाढतो आणि एमसीबी क्षणार्धात पडते. टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तर प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो. सैल जोडणीचा रोध अवघा अर्धा ओहम झाला, तरी त्या वाटाण्याएवढ्या जागेत ३५ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न कथील वितळविते! पाणी मात्र नेहमीसारखे तापते. एमसीबीला काही कळत नाही. प्रवाह जमिनीत गळत नसल्याने ईएलसीबीलाही नाही. तापणे आणि निवणे यांच्या प्रत्येक फेऱ्यात जोडणी अधिक सैल होत जाते.

कोकणात त्यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर थेट तांब्याला जोडली, तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यासाठी दोन धातूंचा लग वापरावा लागतो. चाकरमान्यांची बंद घरे गणपतीत उघडतात, तेव्हा वर्षभर गंजलेल्या टर्मिनलवर पंप, फ्रीज आणि रोषणाईचा भार एकाच दिवशी येतो. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली, मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे केले होते. अशा संकटानंतर वीज परत येण्याचा आनंद मोठा असतो; पण घाईत केलेल्या जोडण्या सवडीने पुन्हा तपासाव्या लागतात. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला, तर काही घरांत दाब २३० व्होल्टच्या खूप वर जातो आणि टीव्ही, फ्रीज जळतात.

योग्य आवळणी म्हणजे जोर काढणे नव्हे. इन्शुलेशन नेमक्या लांबीचे सोलावे, एकही तार तुटू नये, स्क्रू प्लास्टिकवर नव्हे तर धातूवर बसावा आणि शेवटी वायर ओढून पाहावी. अति पिळल्यास तारा चेपतात, पितळेचा आटाही जातो. किती न्यूटन-मीटर पिळाने आवळावे, हे अनेक एमसीबींवर किंवा त्यांच्या माहितीपत्रकात दिलेले असते. मोजून पिळणारा स्क्रू ड्रायव्हर मात्र वायरमनच्या पिशवीत क्वचितच आढळतो. काम 'पॉइंट'च्या भावाने ठरते, आवळणीचे वेगळे पैसे कोणी देत नाही. दोष एकट्या वायरमनचा कसा म्हणावा?

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० अर्भकांचा बळी गेला. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्या आगीचे कारण काहीही असो, अग्निशामक नळकांडी मोजून होणाऱ्या ऑडिटला सैल स्क्रू सापडणार नाही. त्यासाठी पुरवठा बंद करून बोर्ड उघडावा लागतो, अन्यथा भार चालू असताना उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने पाहावे लागते. घरात तपकिरी पडलेला स्विच, हाताला गरम लागणारा प्लग किंवा पंप सुरू होताच लुकलुकणारा दिवा दिसल्यास स्वतः बोर्ड न उघडता परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.