गावठी कट्टा बोलतो, ऐकणारा पाहिजे

"गावठी कट्ट्यासह तरुण ताब्यात." चोपडा, शिरपूर भागातल्या वाचकांना ही बातमी नवी नाही. कट्टा जप्त होतो, काडतुसं मोजली जातात, गुन्हा दाखल होतो आणि बातमी संपते. पण हा कट्टा बनवला कुणी? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा अभ्यास चक्क एका संग्रहालयात चालतो.

लीड्स शहरातलं रॉयल आर्मरीज हे ब्रिटनचं शस्त्रांचं राष्ट्रीय संग्रहालय. ब्रिटिश संरक्षण खात्याने जमवलेला बंदुकांचा मोठा संग्रह 2005 मध्ये त्यांच्याकडे आला. त्यात कारखान्यातल्या बंदुकांसोबत घरी, चोरून बनवलेली हत्यारंही सांभाळली जातात. पोलीस आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ हा संग्रह अभ्यासासाठी वापरतात. तिथले बंदूक विभागाचे अभिरक्षक जोनाथन फर्ग्युसन गेममधल्या बंदुकांवरच्या व्हिडिओंमुळे अनेक तरुणांना मोबाईलवरही माहीत आहेत.

भंगारातली ही हत्यारं जपायची कशाला? कारखान्यातल्या बंदुकीवर नंबर असतो, त्यावरून नोंदी सापडतात. गावठी कट्ट्यावर नंबर नसतो. उलट कधी कधी 'मेड इन यूएसए' असा खोटा ठसा मारलेला असतो. मग ओळख उरते ती कारागिराच्या हाताची. कानशीचे ओरखडे, जोडकामाची पद्धत, कोणत्या पिस्तुलाची नक्कल केली आहे, या खुणा तज्ज्ञ बघतात. वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेले दोन कट्टे एकाच हातचे वाटले, तर तपासाला धागा मिळतो. पण त्यासाठी ताडून बघायला जुने नमुने लागतात.

घरगुती हत्यारं काही फक्त आपल्याकडचीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत सैनिकांनी ब्रिटिश स्टेनगनच्या नकला छोट्या वर्कशॉपमध्ये बनवल्या. 2013 मध्ये अमेरिकेत थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं पिस्तूल तयार झालं. 8 जुलै 2022 रोजी जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, तीही घरी बनवलेल्या बंदुकीने. आणि जपानचा बंदूक कायदा तर जगातल्या कडक कायद्यांपैकी एक.

चोपडा तालुक्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी आहे. तिथून येणाऱ्या कट्ट्यांवर पोलिसांची कारवाई सतत चालू असते. बहुतेक वेळा सापडतो तो कट्टा घेऊन जाणारा पोरगा. बनवणारा आणि माल फिरवणारा दलाल मागेच राहतो. त्याचं खापर सगळ्या गावावर किंवा समाजावर फोडून काही साधत नाही. प्रत्येक जप्तीकडे सुटी घटना म्हणून न बघता एका हत्याराची दुसऱ्याशी सांगड घातली, तरच साखळी वरपर्यंत उलगडते. लीड्सकडून घेण्यासारखं आहे ते हेच.

कट्टा घेऊन रील बनवणाऱ्या पोरांनी कायदाही माहीत करून घ्यावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र बनवणं किंवा विकणं यासाठी किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना नुसतं जवळ बाळगणंही तुरुंगात नेतं. वरातीत बेफिकिरीने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिवाय कच्च्या लोखंडाची नळी फुटली, तर पहिला हात जातो तो चाप ओढणाऱ्याचाच.