आधी आडवे की आधी उभे?

ठाण्याच्या वर्तकनगरातील एका शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट आहे. गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांच्या तासाला मी वर्गावर गेलो. मुलांना आलेख कागदावर (२, ५) हा बिंदू स्थापन करावयाचा होता. एका मुलाने आडव्या क्ष-अक्षावर पाच घरे आणि उभ्या य-अक्षाच्या दिशेने दोन घरे मोजून ठिपका दिला. त्याची वही उघडली, तर तीच चूक पानभर आणि पानभर तांबड्या फुल्या. मी रागावून म्हणालो, "अरे, लक्ष कुठे असते तुझे? आधी आडवे, मग उभे, एवढेही ध्यानात राहत नाही?"

खाली मान घालून तो म्हणाला, "सर, भूगोलाच्या तासाला तर आधी उत्तरेचा आकडा सांगतात."

मी निरुत्तर झालो. ठाण्याचे स्थान सांगताना आपण सुमारे १९ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७२ अंश ५८ मिनिटे पूर्व रेखांश असे म्हणतो. म्हणजे भूगोलात आधी उभे अंतर व मग आडवे; गणितात नेमके उलट. ज्याला आम्ही मंद समजत होतो, त्याने दोन विषयांची तुलना केली होती. ती आम्हा शिक्षकांपैकी एकालाही सुचली नव्हती.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, निर्देशकांचा क्रम हा संकेत आहे, सिद्धांत नव्हे, हे मुलांना प्रथम सांगितले पाहिजे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, काही देशांत उजव्या बाजूने. दोन्हींत सत्यासत्याचा प्रश्न नाही. सर्वांनी एकच नियम पाळावा, एवढेच महत्त्वाचे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात बीजगणित व भूमिती यांची सांगड घातली. परंतु आज आपण काढतो तसे दोन अक्ष त्यांत नाहीत. ती पद्धत पुढील गणितज्ञांच्या हातून रूढ झाली. जे मोठमोठ्या विद्वानांत हळूहळू ठरत गेले, ते मुलाला एका तासात उपजतच कळावे, ही अपेक्षा न्याय्य नाही.

दुसरे असे की, नियमाआधी त्याची गरज पटली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी आली. ती मार्गात कोठे आहे हे सांगावयास बोरीबंदरपासूनचे अंतर, ही एकच संख्या पुरेशी होती. कारण गाडी रूळ सोडून जात नाही. मोकळ्या मैदानात मात्र दोन संख्या लागतात. ठाणे स्थानक हा आरंभबिंदू मानला, तर वर्तकनगर त्याच्या उत्तरेस व थोडे पश्चिमेस येते. म्हणून त्याचा क्ष-निर्देशक ऋण आणि य-निर्देशक धन. आपली वस्ती दुसऱ्या चरणात! ऋण संख्येची भीती घालविण्यास याहून सोपे उदाहरण कोणते?

त्या दिवशी मी वर्ग मैदानावर नेला. ध्वजस्तंभापासून एका मुलाला पूर्वेस चार व उत्तरेस तीन पावले चालावयास सांगितले. दुसऱ्याला पूर्वेस तीन व उत्तरेस चार. आकडे तेच, परंतु दोघे उभे राहिले वेगवेगळ्या जागी. क्रम का ठरवावा लागतो, हे मला मग सांगावे लागले नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा. नियम पाठ करून घ्यावा हेच बरे. नियम पाठ झालाच पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण मैदानावर गेलेला एक तास हा वर्षभर मारलेल्या फुल्यांपेक्षा स्वस्त पडतो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहून गेली. त्या मुलाला मी सर्वांदेखत रागावलो होतो. त्याचा प्रश्न योग्य होता, हेही सर्वांदेखत सांगावयास हवे होते. ते मी सांगितले नाही. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी "तू असे का केलेस?" एवढे विचारण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी. आणि विद्यार्थ्यांनीही आपले कारण पुटपुटू नये. मान वर करून सांगावे.