पावडरचा डबा नंतर, आधी जेवणाचा डबा

मंडळी, जरा स्पष्ट लिहितेय, राग मानू नका.

आमच्या इथे न्यू जर्सीत लेकीच्या शाळेत जेवणाची सुट्टी अकराला आणि क्रॉस-कंट्रीचा सराव तीनला. म्हणजे अकराला पोळीभाजीचे चार घास खाल्लेलं पोर तीनला पाच मैल पळणार आणि घरी येऊन ‘भूक नाही’ म्हणत झोपणार. माझी लेक पंधरा वर्षांची असताना हेच चाललं होतं. वजन उतरलं, वेळ सुधारली. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, “किती छान बारीक झालीस गं!” मीही खूश. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘पळते ना, होतं असं’ म्हणून मीच सोडून दिलं. चौथ्या महिन्यात नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर. अख्खा सीझन घरी. डॉक्टरांनी पायाआधी ताटाची चौकशी केली, तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली याला ‘रेड-एस’ नाव दिलं, आणि ते मुलग्यांनाही होतं. त्यामुळे पाळी थांबली तर ती मेहनतीची खूण समजू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि आपण काय करतो? प्रोटीन पावडर आणतो! अमेरिकेत सप्लिमेंट बाजारात आणायला एफडीएची आधी मंजुरी लागत नाही, हे किती जणांना माहितेय? त्यापेक्षा सरावाआधी केळं किंवा गूळपोळी द्या. नंतर लगेच दहीभात, उसळ-पोळी, अंडी चालत असतील तर अंडी. शाकाहारी घरात लोह कमी पडू शकतं, म्हणून उसळीवर लिंबू पिळा, जेवणासोबत चहा नको. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय मनाने सुरू करू नका.

आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी द्या, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपण त्या दिवशी खासगी कोच लावतो. (मीही लावला होता.)

आता लेकीच्या दप्तरात दोन डबे असतात, दुसरा सरावाआधी उघडायचा. तुमच्याकडे त्या दुसऱ्या डब्यात काय खपतं? खाली लिहा, माझ्या कल्पना संपल्यात.