शेवटची नोंद

एखादा प्राणी पृथ्वीवरून केव्हा नाहीसा झाला, हे कसे ठरवावे? त्याचा सर्वांत अलीकडचा जीवाश्म ज्या थरात सापडला, त्या थराचे वय तोच त्याच्या अंताचा काळ, असे मानणे सोपे आहे. पण ते बरोबर नाही. लाखो प्राण्यांतून एखाद्याचेच हाड दगडात टिकते. ते नेमके त्या जातीतील अखेरच्या प्राण्याचे असावे, असा योग जवळजवळ अशक्यच. म्हणून शास्त्रज्ञ सापडलेल्या जीवाश्मांमधील कालांतरांची सरासरी काढतात आणि अखेरच्या जीवाश्मानंतरही साधारण तेवढा काळ ती जात जगली असावी, असा अंदाज बांधतात.

हे गणित उपयोगी आहे. परंतु ते डोळे मिटून वापरू नये, असे माझे मत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील एका पक्ष्याचेच उदाहरण पाहा.

रानपिंगळा हे सातपुड्याच्या सागवनात राहणारे लहानसे घुबड. 1872 ते 1884 या 12 वर्षांत त्याचे सात नमुने गोळा झाले. सात नमुन्यांमध्ये अंतरे सहा. म्हणजे सरासरीने दर दोन वर्षांनी एक नमुना. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही. गणिताला विचाराल, तर पक्षी केव्हाच संपला! आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या झाडीत, चांगल्या उजेडात, फांदीवर बसलेला दिसला.

चूक बेरीज-भागाकारात नव्हती. शोध पूर्वीइतकाच चालू आहे, असे ते गणित गृहीत धरते. आणि शोध तर थंडावला होता. त्यात भर म्हणून एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, हे पुढे उघडकीस आले. पण तोवर शोधकांचे श्रम भलत्याच ठिकाणी खर्ची पडले होते.

जीवाश्मांचेही असेच आहे. काही थर वाहून गेले, काही कोणी खणलेच नाहीत. सीलकँथ माशाचे जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थांबतात. तोच मासा 1938 साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात आला.

यासाठी एखाद्या जातीपुढे ‘नष्ट’ असे लिहिताना, तिचा शोध कोठे व किती घेतला, हेही शेजारी लिहिले पाहिजे. रानपिंगळा पुढे मेळघाटात आढळला आणि 2014 साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही. त्या सात जुन्या नमुन्यांत तानसाचा एकही नव्हता.