थोडे आणि थोडेच

इंग्रजीच्या शिकवण्या घेताना मला सर्वात जास्त झगडावं लागतं ते समानार्थी शब्दांच्या याद्यांशी. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्या पानोपानी असतात. मुलं त्या घोकतात आणि यादीतला कुठलाही शब्द कुठल्याही वाक्यात चालेल असं धरून चालतात. तो चालत नाही.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ हीच जोडी घ्या. दोन्हींचा अर्थ मुलं ‘थोडे’ असाच सांगतात. पण ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन पुणे’ म्हणणाऱ्याची पुण्यात ओळखीची माणसं आहेत, रात्रीच्या मुक्कामाची सोय होईल. त्यातला ‘अ’ काढला, की तोच माणूस एकटा पडतो. मित्रांची संख्या कदाचित तेवढीच असेल. पण आता त्याला उणीव जाणवते आहे. हा फरक व्याकरणाचा नियम म्हणून सांगितला, तर वहीत उतरतो आणि तिथेच राहतो. ‘थोडे मित्र आहेत’ आणि ‘थोडेच मित्र आहेत’ अशी दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, की मागच्या बाकापर्यंत पोचतो. इंग्रजी जे एक अक्षर गाळून साधते, ते मराठी एक ‘च’ जोडून साधते. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचंही तसंच: हंड्यात पाणी थोडंच आहे, हंड्यात थोडं पाणी आहे. पहिलं ऐकून घरातलं माणूस नळाकडे धावेल.

म्हणून माझा आग्रह असतो, की इंग्रजी शब्दांतले बारकावे आधी आपल्या बोलण्यात शोधावेत. ‘बिगिन’ हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, ‘कमेन्स’ फ्रेंचमधून आलेला. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबारात, न्यायालयांत फ्रेंचचा वावर राहिला. त्या वाटेनं आलेल्या अनेक शब्दांचा दरबारी थाट अजून टिकून आहे. परीक्षेच्या सूचनापत्रात पेपर ‘कमेन्स’ होतो. घरातल्या गप्पांना तो शब्द शोभत नाही. आपणही दुकानाचा ‘शुभारंभ’ करतो आणि भांडणाला ‘सुरुवात’ होते. भांडणाचा शुभारंभ म्हणू नये, हे कुठल्याही मराठी मुलाला शिकवावं लागत नाही.

काही जोड्यांत मात्र चूक महागात पडते. पंच ‘डिसइंटरेस्टेड’च हवा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा हितसंबंध नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असेल, तर त्याला सामन्यातच रस नाही. हल्ली इंग्रजी लिहिणारेही पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थानं सर्रास वापरतात आणि शब्दकोशांनी त्याची दखलही घेतली आहे. तरी मी हा फरक शिकवत राहणार, कारण निःपक्षपातीपणासाठी असलेला एक नेमका शब्द त्यात बोथट होतो आहे.

आणि जिथे मराठी एकाच शब्दावर भागवते, तिथे दुप्पट सावध राहावं लागतं. ‘सिम्प्टम’ आणि ‘साइन’, दोन्हींना आपण ‘लक्षण’ म्हणतो. मळमळ, डोकेदुखी हे सिम्प्टम. ते रुग्णानं सांगितल्याशिवाय कळत नाहीत. वाढलेला रक्तदाब ही साइन. ती तपासणाऱ्याला सापडते, रुग्णाला त्याची कल्पनाही नसते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींकडून मी ही जोडी आधी पक्की करून घेते.